पार्कच्या गेटवर अडवलेला डबा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली सुरू होतात आणि आता बऱ्याच शाळा किल्ल्यावर किंवा लेण्यांना जायच्या ऐवजी थीम पार्क नाहीतर वॉटर पार्कलाच जातात. मुलांनाही तेच हवं असतं, त्यात चुकीचं काही नाही. पण ज्या मुलांना जीवघेणी फूड ॲलर्जी आहे, दमा आहे, टाइप वन डायबेटिस आहे, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्यांचं या दिवसांत काय होतं ते कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय, जागा कमी असेल तर कापा, पण डब्याबद्दल आणि इंजेक्शनबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा ही विनंती.

माझा मुलगा पाचवीत आहे. त्याला शेंगदाणे आणि तीळ या दोन्हींची तीव्र ॲलर्जी आहे आणि जोडीला दमा. ॲलर्जी म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं तर अंगावर पित्त उठलं, खाज सुटली, आमसुलाचं पाणी लावलं की संध्याकाळपर्यंत बसतं. तसंही असतं, नाही असं नाही. पण काही जणांना त्याच्या पुढचं होतं, त्याला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, त्यात ओठ जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, खोकला थांबत नाही, उलट्या होतात, बीपी खाली जाऊन मूल एकदम गळून जातं, आणि हे सगळं खाल्ल्यापासून काही मिनिटांत होऊ शकतं. अशा वेळी पहिलं औषध एकच, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. सेटिरिझिनसारख्या गोळीने खाज कमी होते पण बंद होत चाललेला श्वास उघडत नाही, आणि गोळी देऊन वाट बघण्यातच बऱ्याच जणांचा वेळ जातो. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो, आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जावंच लागतं कारण काही जणांना काही तासांनी तेच परत होतं. हे एवढं सविस्तर लिहिलं कारण पुढे पार्कबद्दल जे म्हणायचंय ते याच्यावरच उभं आहे.

आता शेंगदाण्याचं सांगते. मराठी घरात दाण्याचा कूट कशात नसतो ते शोधावं लागतं. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, ठेच्यात दाणे, पोह्यात दाणे, साबुदाण्याच्या खिचडीत तर कूट हवाच, म्हणजे उपवासाचं म्हणून जे सात्त्विक समजतो तेच माझ्या मुलासाठी सगळ्यात धोक्याचं. भेळ, मिसळीवरचं फरसाण, चिवडा, चिक्की हे तर उघडच आहे. हॉटेलच्या ग्रेव्हीत काजूबरोबर किंवा काजूऐवजी दाणे वाटून घालतात तेही होतं. तेलाचं आणखी वेगळं, नीट रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात ॲलर्जी करणारं प्रोटीन जवळजवळ राहत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात राहतं, आणि हल्ली तेच तेल चांगलं म्हणून सगळीकडे वापरात आलंय. तीळ बर्गरच्या पावावर असतात तेवढे दिसतात तरी, चटणीत किंवा चायनीजच्या तेलात असले तर दिसतही नाहीत. त्यामुळे आम्ही कुठेही गेलो की घरचा डबा बरोबर असतोच. हौस म्हणून नाही, काटकसर म्हणून तर अजिबात नाही.

तर आपल्याच राज्यातल्या एका मोठ्या पार्कला आम्ही गेलो होतो. नाव लिहीत नाही कारण मला एका पार्कशी भांडायचं नाहीये, दुसऱ्या पालकांशी बोलले तर त्यांचाही अनुभव थोड्याफार फरकाने असाच आहे. तिकिटं ऑनलाइन काढलेली, पैसे भरलेले, गेटवर बॅग तपासताना सिक्युरिटीच्या ताईंनी डबा बाहेर काढून ठेवला. बाहेरचं खाणं अलाउड नाही म्हणाल्या. मी ॲलर्जी स्पेशालिस्टचं पत्र दाखवलं, लेटरहेडवर, सही शिक्क्याचं. त्या म्हणाल्या मला इंग्लिश वाचता येत नाही मॅडम, सरांना बोलावते. सर आले, म्हणाले फक्त बेबी फूड चालतं, मोठ्या मुलाचं नाही, आत सगळं मिळतं की. मी सांगायला लागले तर त्यांचं लक्ष बॅगेतल्या सिरिंजकडे गेलं, मग हे कशाला, सुई कशी काय आत नेणार, असं सुरू झालं. मागे लाइन वाढत होती, ऊन चढलं होतं, मागचे लोक वैतागून बोलायला लागले की एवढं आहे तर आणायचंच कशाला पोराला, आणि हे सगळं माझा मुलगा तिथेच उभा राहून ऐकत होता. खूप वेळाने आतून एक मॅनेजर बाई आल्या, त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, दोन प्रश्न नीट विचारले आणि डबा, औषधं सगळं सोडलं. त्यांचे आभार मानते. पण त्या दिवशी त्या सुट्टीवर असत्या तर? मला जे म्हणायचंय ते नेमकं इथे आहे. आजारी माणसाचं खाणं आणि औषध आत जाणार की नाही हे त्या वेळी गेटवर कोण उभं आहे याच्यावर ठरतंय, कुठे लिहिलेलं नाहीये. तिकीट विकायच्या आधी ते लिहिलेलं असलं पाहिजे, वेबसाइटवर, तिकिटावर, गेटवरच्या बोर्डावर, आणि मराठीत, म्हणजे त्या सिक्युरिटीच्या ताईंनाही वाचता येईल आणि त्यांच्यावरही उगाच सगळी जबाबदारी येणार नाही. त्यांची काय चूक, त्यांना सांगितलंय डबे अडवा, त्या अडवतात.

बाहेरच्या खाण्याला बंदी हा पार्कच्या धंद्याचा भाग आहे हे मला कळतं. सिनेमा थिएटरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये हेच म्हटलं, की खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं आणू नका अशी अट मालक घालू शकतो. पण त्याच निकालात प्यायचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी आणलेलं खाणं अडवायचं नाही हेही आलं. तो निकाल थिएटरचा आहे, पार्कचा नाही, मी वकीलही नाही. पण बाळाचं खाणं का सोडायचं तर त्याला विकतचं काही चालत नाही म्हणून ना, मग ज्या दहा वर्षाच्या मुलाला विकतचं खाऊन जीव जायचा धोका आहे त्याला वेगळा न्याय कसा लावायचा हे मला कोणी समजावून सांगावं.

आत सगळं मिळतं म्हणाले होते ते. फूड कोर्टला मी मुद्दाम विचारलं, निदान फ्रेंच फ्राइज तरी देता येतील का बघूया म्हणून. दादा, ह्यात दाणे किंवा तीळ आहेत का? तर उत्तर आलं, नाही नाही मॅडम, सगळं व्हेज आहे. मी परत विचारलं, तर म्हणाला टेन्शन घेऊ नका एकदम प्युअर आहे. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला हिरवा ठिपका आणि लाल ठिपका एवढंच शिकवलंय, कामाला लागून किती दिवस झाले असतील काय माहीत. दुसऱ्या काउंटरवर मात्र एक जरा मोठ्या वयाचे काका होते, त्यांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि मसाल्याचं पाकीटच घेऊन आले, म्हणाले तुम्हीच वाचा, आणि तेलाचं विचाराल तर ह्याच कढईत आम्ही सकाळी साबुदाणे वडे तळलेत, त्यात दाणे असतात, तर पोराला देऊ नका. एवढंच हवं होतं मला! त्यांनी काही विकलं नाही, पण खरं सांगितलं. अशा माणसाला त्या पार्कने बाकीच्यांना शिकवायला लावावं.

आणि आपल्याकडच्या किचनला हे जमणार नाही असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. महाराष्ट्रात कुठल्याही पार्कात, हॉटेलात जैन पावभाजी मागा, कांदा लसूण बटाटा नसलेली भाजी येते, वेगळा तवा लागतो, वेगळा कालथा लागतो, त्यांना ते नीट माहीत असतं, कोणी उलटा प्रश्न विचारत नाही. म्हणजे एखादा पदार्थ बिलकुल लागता कामा नये ही गोष्ट आपल्या आचाऱ्यांना पूर्ण समजते, वर्षानुवर्षं ते करतायत. तेच शेंगदाणा, दूध, अंडं, गहू यांच्या बाबतीत करायचंय. सगळे पदार्थ सगळ्यांना चालतील असे करा असं मी म्हणत नाहीये, ते शक्यही नाही. कशात काय आहे आणि कुठली कढई कशाला वापरली एवढं खरं खरं लिहून लावा.

नियम काहीच नाहीत असंही नाही. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२० मध्ये लेबलिंगचे जे नियम केले त्यात ॲलर्जीच्या पदार्थांची यादी आहे, ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी खेकडे वगैरे कवचाचे मासे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट, म्हणजे खाणं टिकवायला घालतात ते रसायन. पाकिटावर हे लिहावंच लागतं. हॉटेलांसाठीही आहे, ज्यांच्याकडे केंद्रीय लायसन्स आहे किंवा दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत त्यांनी मेनूत कॅलरी आणि ॲलर्जीची माहिती द्यायची. मोठ्या पिझ्झा बर्गरवाल्यांकडे म्हणून ती माहिती मिळते. पण ज्या पार्काचं किचन एकाच जागी आहे, कॉन्ट्रॅक्टवर दिलेलं आहे, दुसरीकडे शाखा नाहीत, ते ह्यातून सुटू शकतं, आणि नेमकं तिथेच माणूस दिवसभर अडकलेला असतो, दुसरीकडे जाऊन खायची सोय नाही. आणि त्या यादीत तीळ नाहीत! ज्या राज्यात संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटतात तिथे तिळाची ॲलर्जी असलेल्याने करायचं काय? अन्न व औषध प्रशासनाने पार्कच्या फूड कोर्टची तपासणी करताना स्वच्छतेबरोबर हेही विचारायला सुरुवात करावी, एवढ्या छोट्या गोष्टीला केंद्राचा नवीन कायदा लागत नाही.

आता इंजेक्शनचं. परदेशात पेनासारखं मिळतं, टोपण काढायचं आणि मांडीवर दाबायचं. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, बाहेरून मागवायचं तर हजारो रुपये आणि वर्ष दीड वर्षात एक्सपायर. म्हणून बहुतेक पालक डॉक्टरांकडून शिकून घेतात आणि ॲड्रेनालिनची काचेची ॲम्प्युल आणि सिरिंज बाळगतात, किती द्यायचं ते मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं. ॲम्प्युल अगदी स्वस्त असते, पण उन्हात तापून चालत नाही, आणि ती मुलाच्या जवळ असली तरच उपयोग. पार्कात नेमकी इथे गाडी अडते. राइडवर काही न्यायचं नाही, बरोबर आहे, उडून दुसऱ्याला लागेल. मग बॅग लॉकरला ठेवा म्हणतात. लॉकर कुठे, तर मेन गेटजवळ. वॉटर पार्कात तर नायलॉनचा कॉस्च्युम कम्पलसरी, खिसा नाही, कमरेला पाउच बांधला तर स्लाइडवरचा दादा काढायला लावतो, आणि वेव्ह पूलपासून लॉकरपर्यंत ओल्या पायाने जाऊन यायचं म्हणजे किती वेळ जातो ते ज्याने केलंय त्याला विचारा. दम्याच्या पंपाचं तेच. क्लोरीनच्या वासाने काही दमेकरी मुलांना खोकला सुरू होतो, त्यातून बंद हॉलमधला पूल असेल तर जास्तच, आणि पंप त्याचा लॉकरमध्ये. उपाय अगदी साधा आहे, राइड जिथून सुटते तिथे ऑपरेटरच्या केबिनमध्ये एक शेल्फ ठेवा, पेशंटचं नाव लिहिलेलं औषधाचं पाउच तिथे ठेवायचं आणि उतरल्यावर घ्यायचं. आम्ही एका राइडला ऑपरेटरला विनंती केली तर त्याने लगेच ठेवून घेतलं, आणि पुढच्याच राइडला दुसऱ्याने ठेवायला साफ नकार दिला. परत तेच, नियम नाही, माणसावर आहे.

फर्स्ट एड रूमचंही बघितलं मी. स्वच्छ होती, बेड होता, नर्स बाई होत्या, चांगल्या बोलल्या. ॲड्रेनालिन आहे का विचारलं तर म्हणाल्या डॉक्टर आले की बघावं लागेल. पार्क शहरापासून लांब असतात, हायवेला लागून किंवा डोंगराच्या पायथ्याशी. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून चालू आहे, त्या गाडीत डॉक्टर असतात, ती फार मोठी सोय आहे, पण गाडी यायला वेळ लागणारच आणि ॲनाफिलॅक्सिसमध्ये तेवढा वेळ नसतो. म्हणून फर्स्ट एडमध्ये ॲड्रेनालिन आणि ते द्यायला शिकवलेला माणूस पार्क उघडा असेपर्यंत असलाच पाहिजे. अजून एक, मला हे फार महत्त्वाचं वाटतं, अशा पेशंटला चालवत फर्स्ट एडला न्यायचं नसतं. बीपी पडलेलं असतं, उभं केलं किंवा चालवलं तर तिथेच कोसळू शकतो. आहे तिथेच आडवं झोपवायचं, पाय थोडे वर, श्वास घ्यायला फारच त्रास होत असेल तर टेकवून बसवायचं, आणि इंजेक्शन त्याच्याकडे आणायचं. पार्कवाल्यांची पद्धत बहुतेक उलटी असते, काही झालं की दोन बाजूंनी धरून चल चल करत खोलीत नेतात, बाकीच्या गिऱ्हाइकांना दिसू नये असंही असेल त्यात. स्टाफला बाकी काही नाही तरी एवढं शिकवा.

ॲलर्जीबद्दल मी लिहितेय कारण ते माझ्या घरात आहे, पण बाकीच्यांचंही सांगायला हवं. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे, तिची शुगर एकदम खाली गेली तर त्या क्षणी ग्लुकोज नाहीतर साखर तोंडात पडायला हवी, आणि गेटवर काय काढून घेतलं तर ग्लुकोजची बिस्किटं आणि ज्यूस. इन्सुलिन उन्हात खराब होतं म्हणून ती थंड पाउचमध्ये नेते, तर तो पाउच खाण्याचा समजून उघडायला लावला. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत, त्यांना एकदम गार पाण्यात गेल्याने किंवा अंगातलं पाणी कमी झाल्याने हाडं फुटतील असं दुखणं सुरू होऊ शकतं, त्यांना दर थोड्या वेळाने पाणी प्यायला हवं, अंग कोरडं करायला उबदार जागा हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आहेत, तरी पार्कच्या लाइनीत सवलत मिळते ती व्हीलचेअर दिसली तरच, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाने कार्ड दाखवलं तर वरपासून खालपर्यंत बघतात. आणि गार पाण्याचीच ॲलर्जी असलेले लोक पण असतात, कोल्ड अर्टिकॅरिया, अशा माणसाने एकदम पूलमध्ये उडी मारली तर पाण्यातच रिॲक्शन येऊन शुद्ध जाऊ शकते. लाइफगार्डना हे कोणी सांगितलेलं असतं का? राइडबाहेर बोर्ड असतो, हृदयविकार, ब्लड प्रेशर, गर्भवती महिला यांनी बसू नये, चांगलं आहे, लावायलाच हवा, पण कोणी बसायचं नाही एवढंच लिहून पार्कचं काम संपतं का, जे बसू शकतात त्यांना नीट बसता यावं हे कोण बघणार.

बाहेरच्या देशात सगळं छान असं मला म्हणायचं नाही, पण माझी बहीण इंग्लंडला असते म्हणून थोडं माहीत आहे. युरोपात डिसेंबर २०१४ पासून १४ ॲलर्जी पदार्थांची माहिती सुट्या खाण्यालाही द्यावी लागते आणि त्या १४ मध्ये तीळ आहेत, मोहरीसुद्धा आहे. तरी तिथे २०१६ मध्ये नताशा नावाची १५ वर्षांची मुलगी गेली, विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ भाजलेले होते आणि वेष्टनावर लिहिलेलं नव्हतं, वडिलांनी विमानात दोन इंजेक्शनं दिली तरी वाचली नाही. तिचे आईवडील गप्प बसले नाहीत, त्यातून कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून पॅक केलेल्या खाण्यावरही सगळे घटक लिहावे लागतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा ॲलर्जी पदार्थ म्हणून धरतात. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला तर स्वतःचं खाणं न्यायला मुळात बंदीच नाही, दारू आणि काचेच्या बाटल्या नको एवढंच, आणि हॉटेलांत ॲलर्जीवाल्यांसाठी वेगळा मेनू असतो. मात्र लाइनीतली सवलत त्यांनी २०२४ मध्ये बरीच कमी केली, ऑटिझमसारख्या अडचणी असलेल्यांपुरतीच मुख्यतः ठेवली, त्यामुळे बाकीच्या आजारांचे पालक तिथेही नाराज आहेत. पण एक आहे, काय मिळेल काय मिळणार नाही ते घरी बसून आधी वाचता येतं, तिथे गेटवर जाऊन कळत नाही.

आता शाळा. मुलाच्या शाळेची सहल पार्कला निघाली तेव्हा वर्गशिक्षिका बाईंनी मला बोलावून सांगितलं, तुम्ही त्याला पाठवू नका, आम्हाला रिस्क नको, त्याच्या सहलीचे पैसे परत करतो. बाई वाईट नाहीत, घाबरल्या होत्या. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली त्यानंतर सहलीचे नियम कडक झाले, शिक्षकांच्या डोक्यावर टांगती तलवार असते हे खरं आहे. पण पैसे परत करणं हा काय उपाय आहे? वर्गातली सगळी मुलं दुसऱ्या दिवशी फक्त सहलीचंच बोलत असतात आणि हा गप्प बसतो. मी म्हणलं मी येते बरोबर, माझा खर्च मी करते, तर पालक अलाउड नाहीत म्हणाले. मी म्हणलं एका शिक्षकांना इंजेक्शन कसं द्यायचं ते आमचे डॉक्टर दाखवतील, सगळं लिहून देते, तर ते आमच्या कामात बसत नाही म्हणाले. शेवटी नाहीच गेला तो. म्हणून मग आम्ही त्याला वेगळं घेऊन गेलो होतो, वर जे लिहिलं तो हाच दिवस. त्याला मजा आली का तर हो, खूप आली, राइडवरून उतरला की परत चल म्हणायचा, डबा सावलीत बसून खाल्ला. पण मित्रांबरोबर जाणं ते वेगळंच असतं, आईबापाबरोबर जाऊन ते भरून निघत नाही.

शिक्षण विभागाला माझं सांगणं आहे की सहलीच्या संमतीपत्रात आजार, ॲलर्जी, औषध, इमर्जन्सीला काय करायचं हे लिहायला जागा ठेवा आणि ते लिहिलं म्हणून मुलाला वगळायचं नाही असंही त्यातच छापा. कारण आत्ता काय होतंय, लिहिलं की मूल घरी राहतं म्हणून काही पालक लिहीतच नाहीत, लपवतात, आणि ते सगळ्यात भयंकर आहे. सहल ठरवायच्या आधी शाळेने पार्कला विचारावं की तुमच्याकडे ॲड्रेनालिन आहे का, मुलाचा डबा सोडाल का, औषध राइडपर्यंत येईल का. एवढा मोठा ग्रुप बुक करणाऱ्या शाळेला पार्क उत्तर देतोच, माझ्यासारख्या एकटीच्या ईमेलला देत नाही. पार्कवाल्यांची इंडियन असोसिएशन ऑफ ॲम्युझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीज म्हणून देशपातळीवरची संघटना आहे, राइडच्या सुरक्षेबद्दल ते बोलतात, त्यांनी सगळ्या पार्कांसाठी मिळून एक पानाचा नियम केला तर प्रत्येक गेटवर प्रत्येक आईला वेगळं भांडावं लागणार नाही.

ज्या पालकांच्या घरात असं मूल आहे त्यांना आमच्या अनुभवातून थोडं. तिकीट काढायच्या आधी पार्कला ईमेल करा, फोन नको, ईमेलच, आणि उत्तर आलं तर त्याची प्रिंट जवळ ठेवा. डॉक्टरांचं पत्र मराठीतही लिहून घ्या, सोप्या शब्दांत, काय खाल्लं तर काय होतं आणि औषध कुठलं ते. सिरिंज आणि ॲम्प्युल एका कडक डब्यात, वर नाव, वजन, डोस, आणि दोन डोस पुरतील एवढं. गर्दीचे दिवस टाळा, मधल्या वारी गेलात तर किचनवाल्यांना बोलायला वेळ असतो. उपवासाच्या दिवशी तर शक्यतो जाऊच नका, साबुदाण्यामुळे कूट सगळीकडे असतो. आणि मुलाला स्वतःला विचारायला शिकवा, माझा मुलगा आता कोणी चिक्की पुढे केली तर हात मागे घेतो आणि ह्यात दाणे आहेत मला चालत नाहीत असं मोठ्याने सांगतो, लाजत नाही.

पुढच्या सहलीची नोटीस येईल त्याच्या आधी मी मुख्याध्यापकांना हेच सगळं लेखी देणार आहे, डॉक्टरांच्या पत्रासकट. आपल्या वृत्तपत्रात हे छापून आलं तर कात्रणही जोडीन. कुठल्या पार्कात किंवा शाळेत असा लेखी नियम आधीपासून असेल तर त्यांनी याच सदरात कळवावं, आम्ही बरेच पालक वाट बघतोय.

आपली नम्र,
एक पालक, डोंबिवली